कशावरूनताई आणि गेटवरची वही

इथं आखातात, अल थुमामाच्या या बंगल्यांच्या कंपाउंडच्या गेटवर मी अजून वॉचमन आहे, तो कशावरूनताईंमुळे. हे नाव मीच मनात ठेवलेलं. ताई चिपळूणच्या, सात नंबरच्या व्हिलात राहायच्या. कोणी काहीही सांगो, त्यांचा पहिला शब्द ठरलेला, "कशावरून?"

त्यांची लेक एकदा हट्ट करत होती, "मम्मा, एव्हरीबडी हॅज अ फोन!" ताईंनी मान वर केली. "एव्हरीबडी म्हणजे किती?" "फोर." "आणि वर्गात?" लेक पाय आपटत सायकलवर बसली.

संध्याकाळी पोरं खेळत असताना ताई गेटजवळच्या बाकावर पेन्सिल घेऊन कागद वाचायच्या. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "चोऱ्या कशा थांबतील यावर जगभर लोक अभ्यास करतात. त्यातला पक्का कुठला आणि फुसका कुठला, ते मी तपासते."

"म्हणजे चोर पकडता?"

"नाही रे बालाजी. चोरांवर लिहिणाऱ्यांना पकडते."

मी लातूरकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. तरी आपणही अभ्यास सांगावा म्हणून बोललो, "ताई, इथं सायकली शुक्रवारीच जातात."

"कशावरून? शुक्रवारी सुट्टी, सगळे घरी असतात, म्हणून गेलेली तेव्हा कळते. गेली कधी, कोणाला ठाऊक?"

"पण माझ्या ड्यूटीत एकही चोरी नाही. गेटवरची तक्रारींची वही बघा."

"वही लिहितं कोण?"

"मीच की."

ताई इतक्या हसल्या की मांडीवरचे कागद उडाले. ते गोळा करताना मीही हसलो. पुढं तीच वही माझ्या गळ्याशी येणार होती.

कंपाउंडमध्ये कॅमेरे बसले. काही महिन्यांनी मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना बोलावून माझ्या वहीवरून काढलेला एक कागद दाखवला. कॅमेऱ्यांआधी पानभर तक्रारी, नंतर दोनच. तेव्हा गेटवरचे गार्ड खलास, पुढच्या महिन्यापासून. आठवी शिकलेल्याला दुसरी नोकरी कोण देणार?

मी ताईंकडे धावलो. "साहेबांना सांगा ना, हा अभ्यास फुसका आहे."

"कशावरून? तुझी नोकरी जाते म्हणून?"

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. पण त्यांनी वही मागितली, पानं उलटली आणि शांतपणे विचारलं, "कॅमेरे आल्यावर लोक तक्रार घेऊन आले, की तू काय करायचास?"

"म्हणायचो, कॅमेऱ्यात दिसेल, ऑफिसला सांगा."

"आणि लिहायचास?"

लिहिणं मी सोडूनच दिलं होतं. लोक कामावरून परत येईतो ऑफिस बंद व्हायचं. म्हणजे कमी झालं होतं ते माझं लिहिणं. चोऱ्यांचं काय झालं, कोणालाच माहीत नव्हतं.

"हे साहेबांना तूच सांगायचंस. वही तुझी आहे."

"ते मला आजच काढतील, ताई!"

"काढतीलही. मी सोबत येते."

आधी आम्ही दोघं घरोघर फिरलो. कॅमेऱ्यांआधी काय गेलं, नंतर काय, सगळं विचारलं. सायकली, पार्सलं, एका अरबी आजीच्या तर कुंड्यासुद्धा. दोन्ही याद्या जवळपास सारख्याच निघाल्या. मी खूश झालो, "म्हणजे गार्ड पाहिजेतच!" ताईंनी लगेच पेन्सिल रोखली. "गार्डमुळे चोऱ्या थांबतात, हेही यातून दिसत नाही हं."

मग साहेबांसमोर वही उघडून ठेवली. हिंदीत सगळं कबूल केलं. त्यांनी वॉर्निंग लेटर दिलं, आणि वर्षभर नीट नोंदी ठेवून मगच काय ते ठरवू म्हणाले. तेव्हापासून सुईसुद्धा हरवली तरी मी लिहितो. माझ्या ड्यूटीतली तर आधी.

गेल्या महिन्यात ताईंचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, त्या चिपळूणला परत निघाल्या. टॅक्सीत बॅगा ठेवताना मी म्हणालो, "ताई, तुमच्यासारखं माणूस पुन्हा भेटणार नाही."

"कशावरून?" म्हणाल्या आणि डोळे पुसले.

आता मी बाहेरून दहावीचा फॉर्म भरलाय. परीक्षेला सुट्टी काढून गावी जाणार. ताई, पास झालो की आधी चिपळूणला येईन. दारात उभं राहून सांगेन, बालाजी दहावी झाला. तुम्ही काय विचाराल ते मला माहीत आहे. मार्कशीट हातातच ठेवीन.