कुंकू लावलेला राउटर

हुमनाबादच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात मी नेटवर्क सांभाळतो. सांभाळतो म्हणजे, ते चालू असलं की मला कुणी विचारत नाही आणि बंद पडलं की सगळे माझ्या नावानं शिमगा करतात.

एके सकाळी मुख्य कार्यालयातून मोठ्या साहेबांचा फोन आला. आपल्या सुरक्षित नेटवर्कला कुणीतरी परवानगीशिवाय वायफाय जोडलंय, तिथून बाहेरचा कुणीही आत शिरू शकतो. दोन दिवसांत शोधा, ज्यानं लावलं त्याला घरी पाठवा. "नाहीतर..." एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुढचं वाक्य मला पाठ होतं.

मग उघडा लॅपटॉप दोन्ही हातांत धरून मी कारखानाभर हिंडलो. त्या अनोळखी वायफायच्या जवळ जावं तसा पडद्यावरचा पट्टा वाढायचा. पॅकिंगमधल्या एक अक्का म्हणाल्या, "साहेब, बोअरचं पाणी बगायलाव का? नारळ आनू?" मी हसलो नाही. मी कामावर होतो ना.

तासाभरात चोर सापडला. स्टोअरच्या कपाटावर, खोक्यांच्या मागे जुना पांढरा राउटर, वायर थेट आमच्या नेटवर्कमध्ये. त्याच्यावर वाळलेलं कुंकू होतं आणि झेंडूची सुकलेली पाकळी. ते दिसलं, पण डोक्यात शिरलं नाही. इतका मी खूश होतो.

स्टोअर सांभाळणारे अण्णा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, शांतपणे म्हणाले, "मीच लावलो की. ह्या पत्र्याखाली फोन लागंना. लेक हैदराबादला हाय, दुपारी नात दाखवती. तिच्याच घरचा जुना डबा हाय ह्यो."

"कुणाला विचारून लावलात? नोकरी जाईल तुमची!" मी ओरडलो.

अण्णांचा चेहरा उतरला. "कामून चिडायलाव साहेब? तुमाला चालतंय म्हनूनच ठिवलो की."

त्यांनी मोबाइलवर खंडेनवमीचा फोटो दाखवला. त्या दिवशी आमच्याकडं एकही यंत्र पूजेवाचून राहत नाही. पॅकिंगच्या यंत्रापासून ऑफिसातल्या स्टेपलरपर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं. फोटोत, नव्या शर्टात, डोक्यावर रुमाल टाकून, मी याच राउटरला कुंकू लावत होतो. चेहऱ्यावर भक्ती ओसंडून वाहत होती. त्याच आठवड्यात, नेटवर्कवरचं यंत्र न् यंत्र स्वतः तपासलं, असं लिहून मी सहीही ठोकली होती.

अण्णांचं नाव कळवलं तर फोटोही जाणार आणि त्यांच्या मागोमाग मीही.

अहवालात 'बसवणाऱ्याचं नाव' या रकान्यात लिहिलं, 'कळू शकलं नाही.' राउटर सीलबंद करून पाठवायचा होता, म्हणून ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं. फटींतलं निघेना, ते टाचणीनं कोरलं. हळूच अण्णांना म्हणालो, "तेवढा फोटो काढून टाका." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. लगेच काढला.

मग हात जोडून म्हणाले, "लई उपकार झाले साहेब. माजी नोकरी वाचवलाव तुमी." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही. लाज वाटली, आजही वाटते.

आता दुपारी अण्णा गेटबाहेर उन्हात उभे राहून नातीशी बोलतात. मी डबा खाऊन परतताना दिसलो की फोन माझ्याकडं वळवतात. "बग, हेच ते साहेब," म्हणतात, आणि ती एवढीशी पोर मला दोन्ही हात जोडून नमस्कार करते.