कोल्ह्यांच्या पाठीवरची कमान

कॅलिफोर्नियातल्या ऑइलडेलच्या गल्लीत दहा-बारा मोटारसायकली एकदम सुरू झाल्या की घराघरांतल्या मांडणीवरच्या बश्या थरथरत. शेजारीण खिडक्या लावून घेई, कोपऱ्यावरचा न्हावी दार ओढून घेई. ओर्लीन स्टॅम्प्स मात्र तोंडातल्या टाचण्या काढून, मशीन तसंच सोडून अंगणात धावे. तंबू आणि कनाती शिवणाऱ्या कारखान्यात दिवसभर जाड कापड ओढून तिची मनगटं गड्यासारखी झाली होती. नवरा तेलाच्या विहिरींमागे टेक्ससला गेला, तो तिकडचाच झाला. तिनेही फार वाट पाहिली नाही, माहेरचं स्टॅम्प्स नाव परत लावलं. पण तो आवाज कानावर पडला की तिच्या छातीत काहीतरी उड्या मारू लागे. जणू कोणीतरी तिलाच हाक मारत होतं.

हाक मारणारा तिचा धाकटा भाऊ व्हर्जिल. कोरियाच्या लढाईवरून परतला आणि त्याला खुर्चीत बसवेना. जेवायला उभा, बोलायला उभा. फक्त मोटारसायकलवर बसला की तो शांत होई. त्याच्यासारखेच आणखी काही जण जमले. कोणी तेलविहिरीवरचा, कोणी कापसाच्या गोदामातला, एक बेकरीतला, त्याला सगळे बिस्किट म्हणत. त्यांनी टोळी काढली. नाव ठेवलं कायोटीज. म्हणजे आपले कोल्हेच. रात्री माळावर ओरडणारे, कोणी पाळत नाही असे.

अशा टोळ्या तेव्हा कॅलिफोर्नियाभर होत्या. आधीच्या मोठ्या लढाईवरून आलेल्या पोरांनी त्या सुरू केल्या. एका गावात त्यांनी दारू पिऊन दंगा केला, वर्तमानपत्रांनी त्याची लढाई केली आणि देशभर आयांनी मुलं घरात घेतली. मग कोणीतरी म्हणे जाहीर केलं, मोटारसायकलवाल्यांत शंभरातले नव्व्याण्णव सज्जन असतात. तेव्हा या पोरांनी छाती पुढे काढून सांगितलं, उरलेला तो एक आम्ही! तेव्हापासून बदनामी हाच त्यांचा दागिना झाला. ओर्लीनला त्यांच्यात कोणी देवदूत दिसत होते असं नाही. त्यांच्या खिशांत काय असतं आणि त्यांच्या बायका काळे चष्मे का घालतात, हे तिला माहीत होतं. तिने एकदा एकाला झाडूने घराबाहेर काढलंही होतं. पण बिस्किट दाताच्या डॉक्टरला घाबरून तिचा हात धरून बसला होता, हेही तिला माहीत होतं.

तर या कोल्ह्यांना सहासष्टच्या उन्हाळ्यात बिल्ला हवा होता. बाह्या कापलेल्या डेनिमच्या जाकिटाच्या पाठीवर तीन तुकडे. वरच्या कमानीत टोळीचं नाव, मधे कोल्ह्याचं तोंड, खालच्या कमानीत गावाचं नाव. जाकीट धुवायचं नाही, खाली ठेवायचं नाही, परक्याचा हात लागू द्यायचा नाही. शिवायला अर्थात ओर्लीन.

"खाली ऑइलडेल घाल," व्हर्जिल म्हणाला. "मोठं घाल. पोलिसांनाही वाचता आलं पाहिजे."

तिने वरची कमान शिवली, कोल्हा शिवला. त्याला असा काही जबडा दिला की तो चावेल असं वाटावं. खालच्या कमानीपाशी तिचा हात थांबला.

ती सात वर्षांची होती तेव्हा दुष्काळी ओक्लाहोमाची धूळ मागे टाकून स्टॅम्प्स कुटुंब निघालं होतं. कॅलिफोर्नियाच्या हद्दीवर पोलीस उभे होते. एकाने गाडीत वाकून पाहिलं, गाद्या, कढई, खोकणारा बाप, तिच्या मांडीवर तान्हा व्हर्जिल, आणि म्हणाला, "माघारी वळा. तुमच्यासारखे पुष्कळ झाले." दुसऱ्या दिवशी ते आडवाटेने, वाळूतून पायी आत शिरले. पुढे शाळेत सगळे तिला 'ओकी' म्हणत. ओक्लाहोमाहून आलेल्या कंगालांसाठीची शिवी होती ती. आई कापूस वेचता वेचता मेली, आणि मेली तेव्हाही ती ओकीच होती.

ओर्लीनने पिवळं कापड ओढलं आणि कोणालाही न विचारता दहा अक्षरं कापली. CALIFORNIA.

शनिवारी सकाळी जाकिटं घ्यायला कोल्हे आले. तिने पहिलं जाकीट पाठीची बाजू पुढे करून धरलं. व्हर्जिलने मान वर करून अशी कोल्हेकुई केली की गल्लीतली कुत्री केकाटली, आणि सगळेच कोल्ह्यासारखे ओरडत सुटले. एकाने ओर्लीनला उचलून गोल फिरवलं.

फक्त बिस्किट डोकं खाजवत होता. "ए व्हर्जिल, राज्याचं नाव लावायला त्या कावळ्यांच्या टोळीला विचारावं लागतं ना रे?"

"आपण राहतो कुठे? चीनमध्ये?"

"तसं नव्हे..."

"मग गप बस. पाव भाज जाऊन."

बिस्किटचं खरं होतं. गावाचं नाव कोणीही लावावं. पण राज्याचं नाव पाठीवर घेणं म्हणजे सगळं राज्य आमचं असं म्हणणं. त्यासाठी सगळ्यांत जुन्या आणि दांडग्या टोळीची परवानगी लागे. ती टोळी टिन क्रोज. म्हणजे कावळे. परवानगीशिवाय कोणी नाव लावलं तर कावळे अंगावरचं जाकीट उतरवून घेत आणि आपल्या अड्ड्याच्या भिंतीवर उलटं टांगत. ज्याचं जाकीट गेलं तो पुन्हा गाडीवर दिसत नसे. कित्येक जण तर गावच सोडत. व्हर्जिलला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या पिवळ्या अक्षरांनी तो चढला होता. आनंदात माणसाला नियम आठवत नाहीत.

त्याच दुपारी लेक इसाबेलाला सगळ्या टोळ्यांचा मेळा होता. ओर्लीन भावाच्या मागे बसली आणि केर्न नदीच्या दरीतून ते वर निघाले. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली पांढरं उसळतं पाणी, आणि मधल्या चिंचोळ्या रस्त्यावर तिच्या हातची अक्षरं एकामागे एक धावत होती. वळणावर गाडी इतकी कलायची की तिचा बूट डांबराला घासायचा. ती हसत होती, किंचाळत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. वाऱ्याने असेल, नसेल. आख्ख्या जन्मात ती अशी पुढे गेली नव्हती. जिथे गेली तिथे तिला ढकललं गेलं होतं.

तळ्याकाठी त्या अक्षरांची बातमी त्यांच्या आधीच पोहोचली होती. गाड्या उभ्या राहताच कावळ्यांनी भोवती कडं केलं. मधून त्यांचा म्होरक्या आला. डीकन म्हणत त्याला. दाढी पांढरी, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे.

"छान शिवलंय," तो म्हणाला. "कोणाला विचारून?"

"शिंप्याला," व्हर्जिल म्हणाला.

कोणी हसलं नाही.

"जाकिटं काढा. सगळ्यांनी. आमच्या भिंतीला जागा आहे."

कडं आवळलं. कोणाच्या तरी हातात साखळी वाजली. व्हर्जिलचा अंगठा पट्ट्यावरच्या सुरीकडे सरकलेला ओर्लीनने पाहिला. हा जाकीट देणार नाही. स्वतःच्या हाताने काढलं तर जिवंत राहील, पण व्हर्जिल राहणार नाही. दुसऱ्याने ओढलं तर इथे रक्त पडेल. आणि कशासाठी? तिने कापलेल्या दहा अक्षरांसाठी.

ती दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"थांबा. यांनी ऑइलडेल सांगितलं होतं. हे माझ्या मनाने घातलंय मी."

"बाई, बाजूला हो. हा पुरुषांचा मामला आहे."

"पुरुषांनी सुई धरली असती तर मामला झालाच नसता."

कावळ्यांतला एक जण फिसकन हसला आणि लगेच गंभीर झाला.

"माझी चूक मी उसवते," ओर्लीन म्हणाली. "शिंपिणीने आपली शिलाई सोडवू नये, असा नियम आहे का तुमच्यात?"

डीकनने मागे पाहिलं. नियमांवर जगणारी माणसं ती. सरकारचा एक मानत नसत आणि आपला एक मोडत नसत. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. असा नियम नव्हता.

"उसव," तो म्हणाला. "फक्त खालची कमान."

तिने खिशातली नेहमीची छोटी कात्री काढली.

"हात लावू नकोस, ओर्लीन!" व्हर्जिल दात खाऊन म्हणाला.

"पाठ कर."

"सांगतोय ना..."

"हे बघ, तुला काखेत मारून मी वाळवंट तुडवलंय. त्यात तू दोनदा माझ्यावर मुतलास. पाठ कर."

आता मात्र दोन्ही बाजूंचे हसले. व्हर्जिल कानापर्यंत लाल झाला. आणि त्याने पाठ केली.

तंबूची शिलाई होती ती, वादळानेही न उसवणारी. एकेक टाका उचलायला वेळ लागत होता. उन्हं उतरू लागली. कावळे कंटाळून बिअर प्यायला लागले. एकाने तिला बसायला खोकं आणून दिलं. तिने मान वर केली नाही. कापताना जेवढी काळजी घेतली होती तेवढीच ती आता घेत होती. वरच्या कमानीचा एक दोरा हलला नाही, कोल्ह्याच्या मिशीला धक्का लागला नाही.

शेवटची पट्टी सुटली. पिवळ्या कमानींचा गठ्ठा तिच्या मांडीवर होता. डीकनने हात पुढे केला.

"आण."

"उसवायचं ठरलं होतं. द्यायचं कुठे ठरलं?"

"आमच्या भिंतीवर..."

ती उठली, चार पावलांवर लोखंडी पिंपात बरगड्या भाजत होत्या तिथे गेली आणि जाळीखाली सगळा गठ्ठा निखाऱ्यांत कोंबला. भप्पकन जाळ झाला.

"अगं बये, माझं मटण!" स्वयंपाक करणारा कावळा ओरडला.

जळत्या कापडाचा वास पसरला. ओर्लीन पिंपापुढून हलली नाही. अक्षरं आधी तपकिरी झाली, मग काळी. आता ती कोल्ह्यांचीही नव्हती, कावळ्यांचीही नव्हती.

डीकन बराच वेळ जाळाकडे पाहत राहिला. मग त्याचं पोट हलू लागलं. हसत होता तो. "काय रे पोरांनो," तो कोल्ह्यांना म्हणाला, "हिला जाकीट का दिलं नाहीत?"

"बायकांना देत नाहीत," बिस्किट चाचरत म्हणाला.

"म्हणून वाचलो आपण सगळे." त्याने व्हर्जिलकडे बोट रोखलं. "पुढच्या उन्हाळ्यापर्यंत खाली काही लावायचं नाही. गावही नाही. मग ये, आणि विचार. तोंडाने."

व्हर्जिलची सुरी पट्ट्यातच राहिली, आणि जाकीट पाठीवर.

अंधार पडायच्या आत ते निघाले. व्हर्जिलची पाठ तिच्यापुढे लाकडासारखी ताठ. दरी सुरू झाली, पाण्याचा गडगडाट वर आला, आणि पहिल्याच वळणावर त्याने मान किंचित वळवून ओरडून विचारलं, "दोनदा?"

"काय?"

"दोनदा मुतलो होतो?"

"तीनदा! तिसऱ्यांदाचं लोकांसमोर सांगितलं नाही!"

त्याची पाठ हादरायला लागली. हसतोय की रडतोय ते तिला मागून कळेना, आणि तिने विचारलंही नाही. तिने दोन्ही हातांनी त्याचं जाकीट घट्ट धरलं. "मंद काय चालवतोस रे म्हाताऱ्यासारखा," ती त्याच्या कानात ओरडली, "हाण की!"