शेपटाचा मालक

तर असे एक होते आपले जोतिराम मास्तर. बोरगावजवळच्या वाडीत इंग्रजी शिकवायचे, म्हणजे एवढंच शिकवायचे, की वाक्यात 'टु' लावून आलेलं क्रियापदाचं शेपूट कुठल्या शब्दाला चिकटतं. कधी नामाला, कधी विशेषणाला, कधी दुसऱ्या क्रियापदाला. शेपटाचा मालक सापडला की मास्तर असे खुलायचे, जणू हरवलेला बैलच दावणीला आला. अर्थ विचारणाऱ्याला मात्र बाकावर उभं करायचे.

या शाळेसाठी वाडीतल्याच भरमूअण्णानं आपली तंबाखूची वखार रिकामी केली होती. वाडीतली पोरं साहेबाशी बोलतील, एवढीच त्याची आशा. एकदा शाळाखात्याचा गोरा साहेब आला, वर्गभर फिरला आणि मास्तरांना म्हणाला, "आय हॅव कम टु क्लोज धिस स्कूल."

मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी वाकून साहेबाच्या गळ्यात हार घातला. ते बघून भरमूअण्णाचा जीव भांड्यात पडला. साहेबाची मोटार गेल्यावर त्यानं विचारलं, "मास्तर, साहेब खूश झाला न्हवं? काय म्हणाला?"

"शाळा बंद करायला आलोय म्हणाला. पण भरमूअण्णा, ते 'बंद करायला' 'आलोय'ला काय झ्याक चिकटलंय म्हणून सांगू!"