वरणभाऊंची आंबील

अमेरिकेतल्या बर्फाळ ईडन प्रेरीच्या त्या गल्लीत सगळ्यांच्या गॅरेजमध्ये दोन गाड्या मावतात. प्रफुल्ल रामटेकेच्या गॅरेजमध्ये हिवाळ्यात एकच मावे, कारण दुसऱ्या गाडीच्या जागेवर एक पांढरी झाकणाची बादली तोऱ्यात बसलेली असे. त्याची बायको दीक्षा रोज सकाळी बाहेरच्या गाडीवरचं बर्फ खरवडायची आणि बादलीच्या नावानं बोटं मोडायची.

प्रफुल्ल मेडिकल उपकरणांच्या कंपनीत क्वालिटी बघतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला ऑफिसात मित्र कुठून मिळणार? त्याचा एकुलता एक मित्र म्हणजे शेजारचा व्हर्न, सत्तरी ओलांडलेला, स्कूल बसचा निवृत्त मेकॅनिक. व्हर्न दर हिवाळ्यात किट आणून घरी लेगर बिअर करायचा. किट म्हणजे काही मोठी भानगड नाही. सातूच्या गोड अर्काचा डबा, हॉप्स नावाची कडू फुलं आणि यीस्टची पुडी. उकळा, गार करा, यीस्ट टाका, बादलीचं झाकण लावा आणि थंडीत सोडून द्या. लेगरची सगळी मजा त्या थंडीत आहे. उबेत ठेवली की वाट लागली.

व्हर्नचे हात थरथरायला लागले तशी बादली प्रफुल्लकडे आली. बिअर तयार झाली की एका संध्याकाळी दोघं गॅरेजमध्ये घडीच्या खुर्च्या टाकायचे, एकेक ग्लास घ्यायचे आणि जेमतेम चार वाक्यं बोलायचे. उरलेली बिअर व्हर्न घरी न्यायचा. एवढ्या मोठ्या अमेरिकेत आपण कुणाचे तरी आहोत असं प्रफुल्लला त्याच संध्याकाळी वाटायचं.

अडचण एकच होती. ती अडचण त्या वर्षी नोव्हेंबरात नागपूरहून विमानात बसून आली. तिचं नाव अंजनाबाई, म्हणजे प्रफुल्लची आई.

प्रफुल्लचे वडील दादाराव दारूनं गेले. त्यानंतर अंजनाबाईंनी वस्तीतल्या बायका गोळा करून गुत्ते फोडले आणि शपथ घेतली, की ज्या घरात दारू, त्या घरात माझं पाऊल पडणार नाही. नुसती घेतली नाही, पाळली. सख्ख्या भावाकडे बाटली दिसली तेव्हापासून त्याचं घर सुटलं. भाचीच्या लग्नालासुद्धा त्या मांडवात फुलं टाकून परत फिरल्या, घरात शिरल्या नाहीत. एरवी त्या उन्हाळ्यात यायच्या, तेव्हा बादली रिकामी असायची. या खेपेला गुडघ्याच्या दुखण्यानं वेळापत्रक हललं. आणि व्हर्न तर किट घेऊन आधीच दारात उभा होता. त्या थरथरत्या हातांना नाही म्हणणं प्रफुल्लच्या जिवावर आलं.

दुसऱ्याच दिवशी अंजनाबाई गॅरेजमध्ये उभ्या होत्या. "काऊन रे, हे काय ठेवून राहिला इथं?"

आईनं हे घर सोडलं तर पुन्हा येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तोंडातून निघून गेलं, "आंबील, आई. सातूची. आंबवायला ठेवली."

"आंबील? अमेरिकेत?" अंजनाबाईंचा चेहरा असा खुलला, की प्रफुल्लला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आता आंबील म्हटल्यावर ती बाई स्वस्थ बसते होय? रोज जाऊन बघायच्या. झाकणावरच्या नळीतून बुडबुडा अगदी सावकाश यायचा. लेगर तशीच असते, आळशी. पण अंजनाबाईंचा जीव तुटायला लागला. पोरानं एवढ्या हौसेनं घातलेली आंबील थंडीनं मरून राहिली! शेवटी एका सकाळी प्रफुल्ल ऑफिसला गेल्यावर त्यांनी दीक्षाला हाताशी धरलं. दीक्षा बिचारी काय बोलणार? खरं सांगावं तर नवरा उघडा पडतो. ती मुकाट्यानं बादली उचलू लागली. बादली घरात आली, घर तापवणाऱ्या फर्नेसला खेटून बसली आणि वर नागपूरहून आणलेली गोधडी चढली. संध्याकाळपर्यंत आत नुसता धुमाकूळ.

प्रफुल्ल घरी आला तोच व्हर्नही बर्फ झटकत आला. अंजनाबाई त्याला वरणभाऊ म्हणायच्या. "जयभीम, वरणभाऊ!" त्यांनी हौसेनं दोघांना आत नेलं आणि बादली दाखवली. "बघ, कशी उसळून राहिली! थंडीत कुठं आंबते का?"

व्हर्ननं झाकणाजवळ नाक नेलं आणि तो हसत सुटला. "ओ माय! बिअरला पांघरूण कुणी घातलं? केळ्याचा वास येतोय!"

अंजनाबाईंना इंग्रजी येत नव्हतं. पण वस्तीतल्या दारूच्या दुकानांवर लिहिलेला 'बिअर' हा एक शब्द त्यांना येत होता.

त्यांनी गोधडी काढली, घडी केली आणि खोलीत गेल्या. मागोमाग बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. व्हर्न बावचळून म्हणाला, "मी काही चुकीचं बोललो का?" "नाही, मी बोललो," प्रफुल्ल म्हणाला. दोघांनी बादली केयाच्या, म्हणजे त्याच्या लेकीच्या, घसरगाडीवर चढवली आणि बर्फातून ओढत व्हर्नच्या तळघरात नेली.

परत येऊन तो आईच्या दारात उभा राहिला. "वर्षातून एक ग्लास घेतो, आई. त्या म्हाताऱ्याबरोबर. बाबांसारखं नाही होणार."

"पाचवं मोडलंस, ते त्या म्हाताऱ्यासाठी. समजलं मला," अंजनाबाई म्हणाल्या. "चौथं कोणासाठी मोडलंस?"

रोज सकाळी अंजनाबाई पंचशील सांगायच्या आणि घर त्यांच्या मागून म्हणायचं. पाचवं शील नशा न करण्याचं, चौथं खोटं न बोलण्याचं. आल्या दिवसापासून पोरगा दोन्ही खणखणीत आवाजात म्हणत होता.

"उद्या मले प्लेनोला रत्नाकडे पाठव," त्या म्हणाल्या. रत्ना त्यांच्या बहिणीची मुलगी, अमेरिकेतच दुसऱ्या गावी राहणारी. प्रफुल्ल लहान पोरासारखा रडला, पण दाराबाहेर.

सकाळी बॅग दारापाशी होती. कोटही अंगावर चढला होता. तरी वंदना चुकवायची नाही म्हणून अंजनाबाईंनी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली. एकेक शील त्या सांगत गेल्या, मागून प्रफुल्ल आणि दीक्षा म्हणत गेले. पहिलं झालं, दुसरं, तिसरं. चौथं प्रफुल्लनं सावकाश, पण पूर्ण म्हटलं.

अंजनाबाईंनी पाचवं सांगितलं. दीक्षानं म्हटलं. प्रफुल्ल गप्प राहिला.

अंजनाबाई थांबल्या. पुन्हा सांगितलं. हात जोडलेले, मान खाली, पण त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही.

"म्हण ना," त्या म्हणाल्या.

"नाही म्हणवत, आई. पाचवं म्हटलं तर चौथं पुन्हा मोडेल."

अंजनाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते आणि रागही पुरता गेला नव्हता. मग मूर्तीकडे तोंड करून त्यांनी पाचवं शील एकटीनं म्हटलं, त्याच्या वाटचंही.

"ती बादली या घरात पुन्हा आणायची नाही," त्या कोटाची बटणं सोडत म्हणाल्या. "वरणभाऊकडे जाशील तर सांगून जा. आता बॅग आत ठेव, माझा गुडघा दुखून राहिला."