मामांचा नमस्कार

लातूरच्या एका डाळ मिलमध्ये मी वजनकाट्यावर बसतो. तिथे तूर भरडण्याच्या यंत्राशी एक मामा काम करतात. दिवसभराच्या धुळीने त्यांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या झालेल्या असतात. डॉक्टरांनी दमा सांगितला तेव्हापासून त्यांनी बिडी सोडली. नाकातोंडावर ओली दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, बांधल्याशिवाय ते यंत्र सुरू करत नाहीत. एखादा हमाल उघड्या तोंडाने आत आला की डाफरतात, "फुफ्फुस काय बाजारात मिळतंय का रे?"

पण मी जवळून गेलो की मामा दस्ती खाली ओढतात. तेवढ्या धुळीत हसून "नमस्कार साहेब" म्हणतात आणि मग कितीतरी वेळ खोकत राहतात. हा मान मला आवडायचा. काम नसलं तरी मी त्या बाजूने एक चक्कर मारायचो.

गेल्या आठवड्यात नमस्कार केल्यावर खोकत खोकत ते खालीच बसले. मी म्हणालो, "मामा, माझ्यासाठी दस्ती काढत जाऊ नका."

"असं कसं साहेब? तोंड बांधून मोठ्या माणसाला बोलत्यात का कुठं? मी काय चोर हाय?"

त्यांना समजावणं मला जमलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या दाराने ये-जा करू लागलो. निदान त्यांच्या छातीत माझ्यापायी धूळ जायला नको.

आज सकाळी मामा यंत्र सोडून त्या मागच्या दारात येऊन उभे होते.

"साहेब," त्यांनी विचारलं, "माझं काही चुकलं का?"