आक्काच्या तासाचं शून्य

निपाणीहून बेळगावला जाताना सर्व्हिस रोडवर आम्ही इतका वेळ अडकलो की, खोटं सांगत नाही, पुढच्या ट्रकच्या टपावर पडलेल्या चिंचोक्याला कोंब फुटला. हायवे रुंद करायचं काम चाललेलं. माझ्या जुन्या व्हॅनमध्ये मी आणि माझी थोरली बहीण, आक्का. ती चार दिवस लेकीकडं निघालेली, पण मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू आणि दोरा. बिड्या वळणाऱ्या बाईनं पाहुणी जायचं म्हणजे फक्त बसायची जागा बदलायची.

एवढ्यात एक साहेब कागद घेऊन खिडकीशी आला. रस्त्याच्या कामापायी गाडीवाल्यांचं किती नुकसान होतं, त्याचा अंदाज काढत होता.

“तुमच्या एका तासाची किंमत किती?”

आता आमच्या भागात रस्त्यात गुंठाभर तरी जमीन गेली नाही असं घर दाखवा! ‘किंमत’ म्हटलं की आम्हाला ‘भरपाई’च ऐकू येतं. मी खाकरलो. “दोन हजार. सणासुदीला तीन.”

दुकान बंद करून मला पाच वर्षं झालीत. माझ्या तासाला घरचं मांजरसुद्धा विचारत नाही. साहेबानं मुकाट्यानं ‘व्यावसायिक, दोन हजार’ लिहिलं. मीच हबकलो. दुपारच्या झोपेला एवढा भाव!

“आता हिचं लिवा,” मी चेवात म्हणालो.

“मावशी, नोकरी?”

“घरात बिड्या वळती,” आक्का म्हणाली.

“पगार?”

“पगार कुठला आलाय? जेवढ्या वळल्या तेवढं.”

साहेबाचं पेन ‘घरीच असतात’ या रकान्यावर थांबलं. पुढं त्यानं शून्य काढलं.

मी खिडकीतनं अर्धा बाहेर आलो. जिच्या बोटांवर माझी शाळा झाली, दुकान उभं राहिलं, तिचा तास शून्य? “अहो, तासाला शंभर बिड्या पडतात हिच्या!” दिवसभरात पहिल्यांदा खरं बोललो, तर साहेब हसला. त्याला वाटलं, हेही सणासुदीचंच.

आक्काची बोटं चालूच. रांग हलेना. मागच्या चार गाड्या उरकून साहेब पाव तासानं परतला, तेव्हा तिनं दोरा तोडला आणि बंडल त्याच्या तळहातावर ठेवलं.

“मोज रं बाबा.”

त्यानं मोजल्या. पंचवीस.

“छाट हाय का बघ त्यात.”

छाट म्हणजे माल घेणाऱ्यानं नापास करून फेकलेली बिडी. एकही नव्हती.

“मग शून्य कुठनं काढलास?”

“बिड्यांना रकाना नाही हो मावशी,” साहेब पुटपुटला.

“माझं खोडा मग,” मी म्हणालो. “छाट हाय ते.”

हे मात्र त्याला लगेच पटलं. त्यानं माझे दोन हजार खोडले. आक्काच्या शून्याला हात लावला नाही. पुढचा ट्रक हलला, तसं त्यानं बंडल खिशात घातलं.