शाडूची कुर्ली

बाबा दुसऱ्याच्या गणपतीशाळेत माती मळायचे, त्यावर आमची चूल पेटायची. आज शाडूच्या वासानं ती सकाळ आठवली.

पदवीची ॲनिमेशन फिल्म दुसऱ्याच दिवशी द्यायची होती. मातीची कुर्ली, म्हणजे खेकडा, केसभर सरकवायची, फोटो काढायचा. फोटो जोडले की ती चालणार. दीडशे फोटो झाले होते. सकाळी बघतो तर बाबांनी तिच्यावर ओला फडका घातलेला, पाय पार बसलेले.

"हात लावू नको म्हणान सांगितललंय मा?" मी करवादलो.

"सुकान फुटली असती रे."

बाबांनी तशीच दुसरी घडवली. "तू फोटो काढ, मी सरकयतंय."

आता ती फिल्म पाहिली की माझ्या हातची कुर्ली लंगडते, बाबांच्या हातची सरसर पळते. त्या फिल्मवर मी घरातला पहिला पदवीधर झालो.